पाइनवूड डर्बीची चाकं आणि खिळे : घासण्या-पॉलिशच्या कामाच्या नोंदी

आमची लेक तिसरीत आहे, इथे न्यू जर्सीत कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटमध्ये, 'बेअर' (तिसरीच्या मुलांचा गट). पाइनवूड डर्बी म्हणजे मुलांनी घरी केलेल्या छोट्या लाकडी गाड्यांची उतरत्या ट्रॅकवरची शर्यत. यंदाच्या डर्बीची गाडी करताना मी फक्त चाकांची आणि ॲक्सलची, म्हणजे त्या चार खिळ्यांची, नोंद ठेवली. लाकूड कसं कापायचं, रंग कुठला, वजन कुठे भरायचं यावर सगळे भरभरून बोलतात, आणि चाकं मात्र आदल्या रात्री ठोकून मोकळे होतात. खरा वेळ चाकांना द्यायला हवा असं माझं पक्कं मत झालंय. पहिल्यांदाच करणारे मराठी आईबाबा आमच्या आसपास बरेच आहेत, त्यांच्यासाठी तारखेप्रमाणे लिहितोय.

६ जानेवारी २०२४, शनिवार

पॅककडून, म्हणजे आमच्या कब स्काउटच्या तुकडीकडून, किट मिळालं. पाइनचा ७ इंची ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं, चार खिळे. शिवाय चाकं-खिळ्यांचं एक जादा पाकीट विकत आणलं, म्हणजे आठातून चांगली चार निवडता येतील. हा खर्च पाचेक डॉलरचा आहे आणि तो करावाच.

आधी नियमांचा कागद नीट वाचला. आमच्या पॅकमध्ये चाकावरची शिवण (साच्याच्या जोडाची रेघ) आणि साच्याचे डाग घासलेले चालतात, पण चाक हलकं केलेलं, कडेने निमुळतं केलेलं, बाहेरची अक्षरं घासून काढलेली चालत नाहीत. बेअरिंग नाही, वॉशर नाही. वंगण फक्त कोरडं, कारण तेल ट्रॅकवर सांडलं तर मागून येणाऱ्या सगळ्यांच्या गाड्या बिघडतात. वजन ५ औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅमच्या आत. प्रत्येक पॅकचा कागद थोडा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याचं ऐकून चाकाला हात लावू नका.

आठही चाकं टेबलावर मांडली. आतल्या बाजूला साच्याचा नंबर असतो, त्यावरून एका साच्याची चाकं जवळ ठेवली. मग प्रत्येक चाक खिळ्यावर घालून खिळा आडवा धरला, फुंकर मारून चाक फिरवलं आणि कड डोळ्यासमोर आणून बघितली. दोन चाकं उघड उघड डुलत होती, ती बाजूला. बाकीच्यांवर एका जागी बारीक उंचवटा होता, साच्यातून निघताना राहिलेला. पोरीने त्या जागेवर पेनाने ठिपके दिले. तिला हे काम फार आवडलं, तासभर तेच चाललं होतं.

७ जानेवारी, रविवार

खिळे. किटमधला खिळा नुसत्या डोळ्यांना बरा दिसतो पण भिंगातून बघा. डोक्याच्या खाली दोन बाजूंना मशीनच्या पकडीचे उंचवटे असतात, डोक्याच्या आतल्या बाजूला बर (धातूची राहिलेली खरबरीत कड) असतो, आणि चाकाचा मधला भाग नेमका त्याच जागी घासत फिरतो. म्हणजे चाक कितीही गुळगुळीत केलं तरी खिळा हा असा असेल तर आतून खरवडतच राहणार. म्हणून पहिलं काम खिळ्याचं.

ड्रिल मशीन शिकंज्यात आडवं बसवलं. खिळ्याचं टोक चकमध्ये धरलं, आणि ते अगदी जेवढं पुढे लाकडात जाणार आहे तेवढंच, जास्त आत घेतलं तर चकच्या जबड्यांचे वळ चाकाच्या जागेवर उमटतात. कब स्काउटच्या वयाच्या मुलांनी पॉवर टूल चालवायची नाहीत असा नियम आहे, म्हणून ड्रिलचं सगळं माझ्याकडे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर तपासणी तिच्याकडे. ती 'पास' म्हणेपर्यंत पुढचा पॉलिश पेपर (सँडपेपर) घ्यायचा नाही असं ठरवलं.

बारीक कानस डोक्याच्या आतल्या बाजूला किंचित तिरकी धरून बर काढला, मग दांड्यावरचे उंचवटे हलक्या हाताने. कानस दाबायची नाही, टेकवायची. पहिल्या खिळ्यावर दाब जास्त पडला आणि डोक्याच्या जवळ दांडा गळ्यासारखा बारीक झाला. तो खिळा बाद. त्या जागी चाक खाली बसतं आणि डुलतं.

९ जानेवारी, मंगळवार रात्री

साडेआठला कोल्हापूरला फोन लावला, तिकडे सकाळचे सात. अण्णांची अख्खी नोकरी उद्यमनगरात लेथवर गेली, त्यामुळे त्यांना कॅमेऱ्यावर खिळा दाखवला. ते म्हणाले, "लांबनं काय दिसतंय? नखानं बघ की. नख अडकलं की बर हाय, नाही अडकलं की गेला." नातीने लगेच चारही खिळ्यांवरून नख फिरवलं आणि दोन नापास केले, जे मी भिंगातून बघून पास केले होते.

अण्णांनी आणखी एक सांगितलं ते फार उपयोगी पडलं. पेपर बदलायच्या आधी खिळ्याला काळा मार्कर फासायचा, मग नवीन पेपर लावायचा. जिथे काळं राहिलं तिथे खड्डा किंवा जुनी रेघ आहे. सगळं काळं एकसारखं गेलं की मगच पुढे. आम्ही ३२० नंबरपासून सुरू केलं, पुढे ४००, ६००, १०००, २०००; नंबर मोठा तितका पेपर बारीक. पेपरची बोटभर रुंद पट्टी कापायची, पाण्यात बुडवायची, दोन्ही टोकं हातात धरून फिरत्या खिळ्यावर टेकवायची. पट्टी बोटाला गुंडाळायची नाही, अडकली तर बोट ओढलं जातं.

३२० वर सगळ्यात जास्त वेळ द्या. मला वाटत होतं की बारीक पेपरवर चमक येते तर तिथेच वेळ घालवावा, पण ३२० ने न गेलेली रेघ २००० ने कधीच जात नाही, ती नुसती चकाकते. मार्करमुळे हे डोळ्यांना दिसलं. आणि खिळ्याची जाडी कमी करायची नाहीये, फक्त ओरखडे काढायचेत, हेही लक्षात असू द्या. खिळा बारीक झाला की चाक त्यावर सैल पडतं.

१० जानेवारी, बुधवार

सकाळी बेसमेंटमध्ये जाऊन बघतो तर खिळ्यांवर तांबूस ठिपके. रात्री ओल्या टिश्यूवर तसेच राहिले होते. वरचं पातळ कोटिंग घासून निघालं की आत साधं लोखंड, त्याला गंज चढायला एक रात्र पुरते. परत ६०० पासून सगळं. संध्याकाळ गेली त्यात. आता काम झालं की खिळे पुसून, सुकवून, झाकणाच्या डबीत, सोबत बुटांच्या खोक्यातली ती सिलिकाची पुडी.

१३ जानेवारी, शनिवार

आज चाकांना हात घातला आणि एक चाक वाया गेलं. ते कसं ते सविस्तर लिहितो, कारण हे कोणाचंही होईल.

चाक ड्रिलवर फिरवायला मॅन्ड्रेल, म्हणजे चाक पकडणारा दांडा, लागतं. ते मागवलं होतं पण आलं नव्हतं, म्हणून ३/३२ इंची ड्रिल बिटच्या गोल दांड्यावर सेलोटेपचा एक वेढा दिला आणि त्यावर चाक घट्ट बसवलं. सुरुवातीला छान फिरलं. पेपर टेकवला तसं चाक थांबलं आणि दांडा आतल्या आत फिरत राहिला. मी कड बघत होतो, भोकाकडे लक्ष नव्हतं. काही सेकंदांत भोक तापलं. हे चाक पॉलिस्टायरीनचं असतं, साधारण १०० डिग्रीला मऊ पडायला लागतं, आणि आत घासून तेवढी उष्णता व्हायला अजिबात वेळ लागत नाही. चाक काढून उजेडासमोर धरलं तर भोकाची आतली भिंत एका बाजूला चकचकीत आणि दुसऱ्या बाजूला सुरकुतलेली, आणि तोंडाशी प्लॅस्टिकची बारीकशी कड वर आलेली. खिळ्यावर घातलं तर अडकत अडकत फिरतं. हे परत नीट होत नाही, भोक मोठं करावं लागतं आणि मग चाक डगमगतं. जादा पाकीट आणल्याचा फायदा इथे झाला.

टेपची युक्ती करू नका. मॅन्ड्रेल दहा-बारा डॉलरला येतं, ते चाकाला दोन्ही बाजूंनी धरतं आणि भोकात काही घासत नाही. डेनमध्ये, म्हणजे पॅकमधल्या एका छोट्या गटात, एकाने घेतलं तरी सगळ्यांना पुरतं.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत आणि मार्टिन ल्युथर किंगची सुट्टी यंदा एकाच दिवशी आली, त्यामुळे शाळा-ऑफिस दोन्ही बंद, आणि शनिवारी उशिरा मॅन्ड्रेल पण येऊन पडलं होतं. तिळगूळ करून झाल्यावर दुपारी खाली गेलो.

ड्रिल १ नंबरच्या गिअरवर, ट्रिगर निम्म्याहून कमी दाबलेला. पेपर बोटाने दाबला तर चाकाची कड गोल होते, म्हणून आइस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवला, म्हणजे पृष्ठभाग सपाट राहतो. ४०० चा ओला पेपर टेकवायचा, तीन-चार सेकंद, काढायचा, चाक पाण्याच्या वाटीत बुडवायचं, पेनाचा ठिपका गेला का बघायचं. ठिपका गेला की ४०० बंद. मग ६००, १०००, २०००. पाणी दुधाळ होतं, ते बदलत राहा, नाहीतर जाड पेपरचे कण बारीक पेपरवर येऊन नवीन ओरखडे पाडतात.

ठिपका जाणं म्हणजे उंचवटा जाणं, आणि चाकाच्या बाहेरून करायचं काम खरं तर तेवढंच. त्यानंतरचं घासणं हे आपल्या समाधानाचं, आणि तिथेच लोक चाक बारीक करून बसतात आणि वजन-तपासणीला अडकतात.

एक गोष्ट वेळेवर दिसली म्हणून बरं. पेनाची शाई एका चाकावरून जाईना, तर पोरगी आईचं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन आली. त्यात ॲसिटोन असतं, त्याने हे प्लॅस्टिक विरघळतं. डुलणाऱ्या एका बाद चाकावर तिला एक थेंब टाकून दाखवला, बोट लावलं तर चिकट आणि वर बोटाचा ठसा. "अगं बाई!" म्हणून तिने ती बाटली स्वतःच वर नेऊन ठेवली. शाई काढायला रबिंग अल्कोहोल वापरा, त्याने काही होत नाही.

२० जानेवारी, शनिवार

भोकाचं पॉलिश. हे काम पूर्ण तिने केलं, हाताने, आणि माझ्या ड्रिलपेक्षा चांगलं झालं.

बरेच जण पाइप क्लीनर ड्रिलमध्ये लावून भोकात फिरवतात. १३ तारखेचं बघून मला ती भीती नको होती. म्हणून पाइप क्लीनर, तोच तो तारेवरचा मऊ लोकरीचा, टेबलावर दोन क्लॅम्पमध्ये ताणून बांधला. आधी त्यात चाक ओवलं. लोकरीला प्लॅस्टिक पॉलिशचा, आम्ही नोव्हस २ घेतलं होतं, शेंगदाण्याएवढा ठिपका लावला. मग ती दोन बोटांनी चाक फिरवत तारेवरून पुढे न्यायची, फिरवत मागे आणायची. नुसतं पुढे-मागे ओढलं तर भोकात उभ्या रेघा पडतात, फिरवत न्यायला पाहिजे. एका चाकाला एक गाणं होईपर्यंत, हे माप तिचंच. लोकर काळपट झाली की नवीन तुकडा.

मग कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून चाकं धुतली, कोऱ्या पाइप क्लीनरने आतून पुसली. भोकातून खिडकीकडे बघितलं तर आत पूर्ण गोल चकाकी दिसते, कुठे तुटक दिसली तर पॉलिश राहिलंय. चारपैकी एकात तसा पांढरा थर होता, परत धुतलं.

खिळ्यांनाही याच दिवशी शेवटचा हात. जुन्या बनियनच्या चिंधीवर ब्रासो (धातूचं पॉलिश), चिमटीत धरून पिळत पिळत. चिंधी काळी होत राहते, काळी येणं कमी झालं की थांबा. ब्रासो खिळ्यालाच, चाकाला नाही.

२१ जानेवारी, रविवार

ग्रॅफाइट, म्हणजे ते कोरडं वंगण, काळी पावडर, घालायची घाई झाली. एका चाकाच्या भोकात ओल राहिली होती आणि आत पावडरीचा चिखल झाला. चाक दोन गिरक्यांत थांबलं. सगळं धुवून परत सुकवत ठेवलं. कोरडं दिसणं आणि कोरडं असणं वेगळं, भोक अडीच मिलिमीटरच्या आसपासचं असतं, आतलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. आता आठवडाभर डब्यात.

२७ जानेवारी, शनिवार

ग्रॅफाइट, नीट. हे गॅरेजमध्ये करा, खाली वर्तमानपत्र घालून. मागच्या वर्षीचा काळा डाग आमच्या कार्पेटवर अजून आहे.

खिळा चाकात घालायचा, डोकं वर धरून नळीतून थोडी पावडर सोडायची, चाक फिरवायचं, टेबलावर टक् टक् करून जादाची झाडायची, परत थोडी. आवाज ऐका. सुरुवातीला बारीक खरखर येते, मग ती विरते. पोरीने कानाशी धरून चारही चाकं ऐकली आणि एक वेगळं वाजतंय म्हणाली. बघितलं तर खिळा किंचित वाकडा होता. काचेवर लोळवून पाहिला, डोकं काठाच्या बाहेर ठेवून, तर टोक वरखाली होत होतं. बदलला. हे लोळवून बघायचं काम खरं म्हणजे पहिल्या दिवशीच करायला हवं, घासायच्या आधी. वाकड्या खिळ्यावर घातलेली सगळी मेहनत फुकट जाते.

आणखी एक जागा लोक विसरतात. चाकाचा मधला गोल भाग गाडीच्या लाकडाला टेकतो, तिथेही घर्षण आहे. लाकडावर खिळ्याच्या खाचेभोवती १००० चा पेपर मारला, मऊ पेन्सिल गिरवली, वर ग्रॅफाइट चोळलं.

बसवताना चाक आणि लाकूड यांच्यात एटीएम कार्डाएवढी फट ठेवली, ते कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. खिळा खाचेत पक्का राहायला खालून टूथपिकने पांढऱ्या गोंदाचा थेंब. सुपरग्लू नको, ते पातळ असतं आणि खिळ्यावरून सरकत सरकत चाकापर्यंत जातं.

२८ जानेवारी, रविवार

गाडी सरळ जाते का ते बघितलं. जेवणाच्या टेबलाचे दोन पाय पुस्तकांवर चढवले, मधोमध दोरा ताणला, गाडी सोडली. डावीकडे जात होती. ट्रॅकवर मधली पट्टी गाडीला सरळ ठेवते, पण प्रत्येक वेळी चाक त्या पट्टीवर आपटलं की वेग जातो, आणि मग गुळगुळीत चाकाचा काय उपयोग. गोंद पूर्ण वाळायच्या आत पुढचा खिळा पक्कडीने, टोकाला कापड लावून, केसभर फिरवला. दोऱ्याला धरून जायला लागली तिथे थांबलो. त्यानंतर चाकं काढली नाहीत, आणि कोणाला 'बघू बघू' म्हणून जमिनीवर चालवायलाही दिली नाही, फरशीवरची धूळ सरळ भोकात जाते.

२ फेब्रुवारी, शुक्रवार, वजन-तपासणी

घरच्या काट्यावर १४१, पॅकच्या काट्यावर ५.०२ औंस. वजनासाठी भरलेली थोडी पुट्टी काढली, ४.९९. चाकांची अक्षरं, कडा, रुंदी सगळं पास. शेजारच्या टेबलावर एका मुलाचं चाक सुपरग्लूने जाम झालं होतं. आमच्याकडे पॉलिश केलेलं एक चाक आणि एक खिळा जादा होता, तो त्याला दिला. जादाचा एक सेट तयार ठेवाच, स्वतःसाठी नाही लागला तर दुसऱ्याला लागतो.

३ फेब्रुवारी, शनिवार, रेस

ॲल्युमिनियमचा चार लेनचा ट्रॅक, प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमधून एकदा, मग सरासरी. आमचे आकडे ३.२६, ३.२४, ३.२५, ३.२२ सेकंद. शेवटची धाव सगळ्यात वेगाची, कारण ग्रॅफाइट चालता चालता बसत जातं. डेनमध्ये दुसरी आली. पहिल्या नंबरची गाडी तिसरीतल्याच एका मुलाची, त्याने आणि त्याच्या आजीने मिळून केलेली, आणि त्याच्या चाकांवर चमक फारशी नव्हती पण चारही एकसारखी शांत फिरत होती.

रेस संपल्यावर ट्रॅक मोकळा असतो तेव्हा मागच्या वर्षीची आमची गाडी सोडून बघितली, किटमधून काढून तशीच ठोकलेली चाकं. ३.४३. तिथेच तिच्या चाकांत ग्रॅफाइट भरलं आणि फिरवून परत सोडली, ३.३६. म्हणजे थोडा फरक नुसत्या पावडरीचा. उरलेल्यात यंदाचं वजन मागच्या चाकांजवळ नेल्याचाही वाटा आहे, तो वेगळा काढता येत नाही, म्हणून सगळं श्रेय मी पॉलिशला देणार नाही. पण हाताने फिरवलं तरी दोन्ही गाड्यांतला फरक बोटाला कळतो.

बघायला आलेल्या पहिलीच्या मुलांना आमची लेक सांगत होती की नख अडकलं की बर आहे, आणि ही १९५३ साली कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाच्या कबमास्टरने (पॅकच्या प्रमुखाने) सुरू केलेली रेस आहे, त्याच्या मुलाचं वय सोपबॉक्स डर्बीला, म्हणजे मुलं स्वतः बसून उतारावरून गाडी चालवतात त्या शर्यतीला, कमी पडत होतं म्हणून. हे तिला डेन लीडरने सांगितलेलं, ते तिने पुढे दिलं.

४ फेब्रुवारी, रविवार

खर्च: चाकांचं जादा पाकीट, मॅन्ड्रेल, पेपर, पॉलिश, ग्रॅफाइट धरून चाळीस डॉलरच्या आत. यातलं मॅन्ड्रेल, पॉलिश आणि निम्मा पेपर पुढच्या वर्षीही चालेल. पैसे कमी करायचे असतील तर पॉलिशऐवजी पांढरी टूथपेस्ट चालते, थोडा वेळ जास्त लागतो, पण धुवायचं मात्र दुप्पट, कारण ती वाळली की भोकात चिकटून बसते. मॅन्ड्रेल न घेता उंचवटा हाताने काढायचा असेल तर तेही जमतं, काडीवरचा ४०० चा पेपर फक्त ठिपक्याच्या जागेवर, नख लावून बघत बघत.

पुढच्या वर्षी एकच बदल करणार आहे. खिळे आधी काचेवर लोळवायचे, मग भिंग, मग कानस. बाकी क्रम हाच. मॅन्ड्रेल आणि उरलेला पेपर आमच्याच घरी आहे, एडिसनच्या बाजूला कोणाला डर्बी मार्चमध्ये असेल तर घेऊन जा, ग्रॅफाइट मात्र तुमचं तुम्ही आणा, आमची नळी संपली.